घंटा वाजली, आणि कुणीच हललं नाही!

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. संकटात माणसं कशी वागतात, हा विषय मी कॉलेजातल्या मुलांना शिकवते. आणि त्याच विषयाच्या तासाला, फळ्यावर त्याच विषयाचं शीर्षक लिहिलेलं असताना, मी स्वतः साफ चुकीचं वागले! कशी, ते ऐका.

आमचं कॉलेज मुळशी तालुक्यात. पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता सोडून थोडं आत वळायचं, की डोंगराच्या कुशीत आमची इमारत. पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं, तर कधी समोरचा डोंगर दिसतो, कधी नुसताच ढग. वर ताम्हिणीला पाऊस कोसळत असतो आणि इथं आमच्या छत्र्या वाळायचं नाव घेत नाहीत. विषयाचं नाव चांगलं लांबलचक आहे : ‘आपत्ती आणि मानवी वर्तन’. मुलांनी त्याचं सुटसुटीत नाव ठेवलंय, ‘संकटाचा तास’. (आता हे विषयाचं नाव की माझ्या शिकवण्याचं, ते मी अजून विचारलेलं नाही!)

दरवर्षी पहिल्या दिवशी मी मुलांना एकच प्रश्न घालते. ‘सिनेमा चालू आहे. थिएटर भरलेलं आहे. अचानक धूर दिसतो. माणसं काय करतील?’ कागदावर उत्तर लिहायचं. तुम्हीही मनातल्या मनात लिहा बरं. लिहिलंत? मी सांगते तुम्ही काय लिहिलंत ते. आरडाओरडा, पळापळ, एकमेकांना तुडवत दाराकडे धाव. जो तो आपापला जीव वाचवणार. बरोबर ना? दरवर्षी जवळजवळ सगळ्या कागदांवर हेच असतं. सिनेमात आपण तेच तर बघत आलोय!

त्या वर्षी मी कागद गोळा केले आणि फळ्याकडे वळले. तेवढ्यात घंटा वाजायला लागली. तासाची नव्हे, ही कर्कश, न थांबणारी. आगीची घंटा!

मुलांनी काय केलं असेल? काही नाही. अक्षरशः काही नाही. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘मॅडम, ही कसली घंटा?’ आणि मी, या विषयाची शिक्षिका, काय म्हणाले असेन? ‘चाचणी असेल. बसा खाली.’ आणि खडू उचलून लिहायला लागले!

दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. मग शिपाईमामा धापा टाकत दारात आले. ‘बाई, अजून इथंच? खाली मीटरच्या पेटीनं पेट घेतलाय!’ तेव्हा कुठे आम्ही उठलो. मुलं ओळीनं, शहाण्यासारखी जिना उतरली. एक पठ्ठ्या तर अर्ध्या जिन्यातून परत वर गेला. का? तर दप्तर राहिलं म्हणून!

पेटी जळली, थोडा धूर झाला, मामांनी वाळूची बादली ओतली. एवढ्यावर निभावलं. आम्ही बाहेर पावसात भिजत उभे होतो, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पण कुणी किंचाळलंच नाही की! आपण तर सगळ्यांनी कागदावर किंचाळणं लिहिलं होतं.’

मी मनात म्हटलं, वर्षभराचा अभ्यासक्रम हिनं एका वाक्यात सांगितला!

पुढच्या तासाला मी मुलांना एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या तरुणांना एका खोलीत बसवून फॉर्म भरायला द्यायचे. थोड्या वेळानं भिंतीतल्या झरोक्यातून पांढरा धूर आत सोडायचा, आणि बघत राहायचं. तरुण एकटाच असेल, तर चारातले तीन जण उठून बाहेर सांगायला गेले. पण खोलीत आणखी दोघं असतील, आणि ते दोघं आधीच ठरवल्याप्रमाणे ढिम्म बसून राहिले असतील तर? दहांतला फक्त एक उठला! बाकीचे डोळे चोळत, खोकत, हातानं धूर बाजूला सारत फॉर्म भरत राहिले. नंतर विचारलं, तर म्हणे, ‘आम्हाला वाटलं, वाफ असेल.’

हे तरुण मूर्ख होते का? मुळीच नाही. नवीन काही घडलं, की आपण सगळेच आधी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तो शांत दिसला, की आपल्याला वाटतं, अरे, काही नसेल. आणि गंमत अशी, की तोही त्याच वेळी आपल्या चेहऱ्याकडे बघत असतो! माझ्या वर्गात तर त्या दिवशी सगळे चेहरे माझ्याकडे होते. आणि माझा चेहरा म्हणत होता, बसा खाली.

मग मी मुलांना घरचा अभ्यास दिला. आमच्या तालुक्यातून मुठा नदी उगवते. तिला पुढे शेजारच्या खोऱ्यातली आंबी येऊन मिळते. या आंबीवरचं पानशेतचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, हे तुम्ही घरात कधीतरी ऐकलं असेल. धरणाचं काम अजून पुरतं संपलेलंही नव्हतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचवायची शर्थ केली, पण सकाळी धरण गेलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला, तेही धरण फुटलं, आणि पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तर मुलांना सांगितलं, ज्यांनी तो दिवस पाहिलाय अशी आजी, आजोबा, शेजारी शोधा आणि त्यांना एकच प्रश्न विचारा : ‘पूर येतोय हे कळल्यावर तुम्ही पहिलं काय केलंत?’

‘काय वाटलं’ असं विचारायचं नाही हं, ‘काय केलंत’ असं विचारायचं. वाटलेलं माणूस नंतर बदलून सांगतो. केलेलं सहसा खरं सांगतो.

उत्तरं मोठी मजेशीर आली. एक आजोबा म्हणाले, ‘काय केलं म्हणजे? लकडी पुलाकडे पाणी बघायला गेलो!’ एका आजींनी लोणच्याची बरणी आणि धान्य माळ्यावर चढवलं, कारण पाणी आलंच तर उंबऱ्यापर्यंत येईल, असा त्यांचा हिशोब. दोन तासांनी बरणीसकट माळाच पाण्यात होता. एका घरी शेजारच्या तरुणांनी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईंना खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन उंचावर नेलं होतं. त्या तरुणांपैकी कुणाचंही त्या बाईंशी नातं नव्हतं.

सगळे कागद वाचून झाल्यावर मी विचारलं, ‘यात तुमची ती तुडवातुडवी कुठाय?’ वर्ग गप्प.

खरं सांगायचं तर हे कोडं माझ्या वर्गाआधी कितीतरी जणांना पडलं होतं. सॅम्युएल हेन्री प्रिन्स नावाचा एक धर्मोपदेशक कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात राहायचा. ६ डिसेंबर १९१७ ला तिथं दारूगोळ्यानं भरलेल्या जहाजाला आग लागली. लोक काय पळाले? छे! घराघरांतून खिडकीशी उभे राहून बघत राहिले. मग जहाज फुटलं. दोन हजारांच्या आसपास माणसं गेली आणि खिडक्यांच्या काचा उडून कितीतरी जणांचे डोळे गेले. प्रिन्सनं त्या शहरानं पुन्हा उभं कसं राहायचं ठरवलं, याचा अभ्यास करून १९२० साली प्रबंध लिहिला. आमच्या विषयाचं ते पहिलं पुस्तक समजतात.

पुढे एन्रिको क्वारांटेली हा शिकागोचा विद्यार्थी संकटातल्या घबराटीवर अभ्यास करायला निघाला. पण पंचाईत अशी झाली, की घबराटीची खरीखुरी उदाहरणंच त्याला फारशी सापडेनात! मग तो आयुष्यभर संकटातल्या माणसांमागेच लागला. १९६३ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओहायोच्या विद्यापीठात यासाठी खास केंद्र काढलं. कुठे वादळ, पूर, भूकंप झाला, की तिथं जाऊन लोकांना प्रश्न विचारायचे, आणि तेही आठवणी ताज्या असताना. ते केंद्र पुढे डेलावेअरला गेलं, आणि आजही चालू आहे.

पण दोस्तांनो, मला या सगळ्यांत सर्वांत आवडतात ते आपल्याकडचे दोघं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी काय केलं, तर त्या दिवसांत लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या! गंगेचं पाणी क्षणभर नाहीसं झालं आणि स्नान करणारे वाळूत रुतले. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार. पाटण्यावर चक्रीवादळ येणार. अमुक तारीख घातवार आहे. एकाहून एक! १९३५ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला. पुढे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तो वाचला, आणि त्याला प्रश्न पडला. या अफवा अशा लोकांत पसरल्या होत्या, ज्यांना हादरा बसला होता, पण ज्यांच्या आसपास मोठी पडझड झालेली नव्हती. मग आधीच घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का सांगतील?

विचार करा जरा.

फेस्टिंगरचं उत्तर असं : छातीत धडधड तर होतेय, पण समोर कारण काही दिसत नाही. मग मन कारण शोधतं, आणि नाहीच सापडलं तर तयार करतं. याच्या उलट बाजू दुर्गानंद सिन्हांनी दाखवली. १९५० साली दार्जिलिंगला भयंकर दरडी कोसळल्या, तिथल्या अफवांचा त्यांनी अभ्यास केला. ज्यांच्या डोळ्यांसमोर डोंगर खाली आला होता, त्यांच्यात ‘याहून भयंकर येणार’ असल्या अफवा जवळजवळ नव्हत्याच. घाबरायला समोर खरंखुरं कारण होतं, वेगळं बनवायची गरज नव्हती! कागद आणि पेन्सिल एवढ्या भांडवलावर या दोघांनी केवढं काम केलं बघा. फेस्टिंगरच्या १९५७ च्या गाजलेल्या पुस्तकाचा धागा अशा पाटण्याच्या अफवांपर्यंत पोचतो.

इथं एक मुलगा उठला. ‘म्हणजे मॅडम, घबराट नसतेच?’

असते. तीही बघायला हवी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, गाड्यांत अडकलेल्यांना पाणी, बिस्किटं दिली. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, जुहूजवळच्या नेहरूनगरात कुणीतरी ओरडलं : त्सुनामी आली, धरण फुटलं! वस्तीतल्या बोळांतून माणसं धावली आणि त्या चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक माणसं मेली. त्यात लहान मुलं होती. शहर तेच, आठवडाही तोच. मग फरक कशात? पहिल्या रात्री पाणी सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या वेळी दिसत काहीच नव्हतं. आदल्या डिसेंबरातली त्सुनामी डोक्यात ताजी होती, अंधार होता, बोळ अरुंद होते, आणि ‘असं काही झालेलं नाही’ हे विश्वासानं सांगणारं जवळ कुणी नव्हतं.

म्हणून अधिकाऱ्यांनी ‘लोक घाबरतील, सांगू नका’ असं म्हटलं, की मला राग येतो. लोक सांगितल्यानं घाबरत नाहीत, न सांगितल्यानं घाबरतात. आणि उशिरा सांगितलं, तर पळायला वेळच उरत नाही.

किल्लारीचं उदाहरण आणखी वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, तिथं भूकंप झाला आणि सुमारे ८ हजार माणसं गेली. पण त्याआधी १९९२ मध्ये त्या भागात लहान धक्के बसत होते. तेव्हा लोक घाबरले होते, कित्येकांनी रात्री उघड्यावर काढल्या होत्या. पण माणूस घराबाहेर किती दिवस झोपणार? धक्के थांबले, भीती ओसरली, माणसं पुन्हा दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरात झोपायला गेली. यात त्यांची चूक होती, असं म्हणायची माझी तर हिंमत होत नाही.

आणि संकट कोसळल्यावर आधी कोण पोचतं? आमच्या शेजारच्या मावळ तालुक्यात सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. फार शूर माणसं. पण त्यांना निरोप मिळून ती निघेपर्यंत मधला वेळ कुणाचा? ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, १५१ माणसं मेली. ही बातमी बाहेर कुणी आणली, माहीत आहे? नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं! रोज दिसणारं गाव दिसेना, हे त्याच्या लक्षात आलं. रायगडातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, तेव्हा वाडीच्या कडेला शाळेत थांबलेल्या तरुणांनी बाहेर कळवलं. त्यांतले काही तर तुमच्याहून थोडेच मोठे.

हा भाग शिकवून झाला, आणि मला वाटलं, छान रंगला तास. माणूस मुळात चांगला वागतो, हे पटलं सगळ्यांना. तेवढ्यात पिरंगुटच्या बाजूनं येणारी एक मुलगी उभी राहिली. एरवी ती कधी बोलायची नाही.

‘मॅडम, उरवड्याचं काय?’

वर्ग एकदम शांत झाला. उरवडे आमच्याच तालुक्यात. ७ जून २०२१ ला तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात दुपारी आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यांत बहुतेक बायका होत्या. आत शिरायला भिंत फोडावी लागली.

‘त्या बायका चुकीचं वागल्या होत्या का?’ तिनं विचारलं.

‘नाही गं.’

‘मग आपण वर्षभर वागण्याचंच का शिकतोय?’

मला उत्तर सुचलं नाही. खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, ‘उद्या सांगते,’ आणि तास पाच मिनिटं आधी सोडला.

रात्रभर मला दिल्लीचं ‘उपहार’ थिएटर आठवत राहिलं. १३ जून १९९७ ला तिथं आग लागली आणि ५९ माणसं गुदमरून गेली. बाल्कनीतली एका बाजूची वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती. पहिल्या दिवशी मी मुलांना विचारते तोच प्रश्न, सिनेमा आणि धूर! आणि त्या प्रश्नात मी ‘माणसं काय करतील’ एवढंच विचारत होते. ‘दार उघडं होतं का,’ हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वह्या बंद करायला सांगितल्या. म्हटलं, ‘चला, दारं मोजू या.’ चाळीस मुलं आणि मी, सगळी इमारत पालथी घातली. प्रयोगशाळेचं दार आत उघडत होतं. आतून गर्दी आली, तर ते उघडणार कसं? आणि मागचा जिना, ज्याच्यावर मोठ्या अक्षरांत ‘आपत्कालीन मार्ग’ लिहिलंय, त्याच्या तळाशी मोडक्या बाकांचा ढीग आणि दाराला हे एवढं कुलूप! किल्ली कुणाकडे? कुणालाच ठाऊक नव्हतं. शिपाईमामा म्हणाले, ‘बाई, चोऱ्या होतात म्हणून लावलंय, मला यायच्या आधीपासून आहे.’

मुलांनी नकाशा काढला, अर्ज लिहिला. पहिला अर्ज हरवला. दुसऱ्यावर ‘पाहून घेऊ’ असं उत्तर आलं. तिसरा अर्ज घेऊन त्या पिरंगुटच्या मुलीसह सगळेच्या सगळे चाळीस जण ऑफिसात गेले आणि काहीही न बोलता उभे राहिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर कुलूप गेलं. बाक अजून तिथंच आहेत, पण निदान भिंतीला लावलेत.

तुम्हाला मोठेपणी हा विषय शिकायचा असेल, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं एम.ए.पर्यंतचं शिक्षण मिळतं. पुण्यात ‘यशदा’मध्ये सरकारी अधिकाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण देतात. आणि दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आहेच, तो परीक्षेत कमी गुणांचा म्हणून सोडू नका! पण सुरुवात आजही करता येईल. शाळेत, क्लासला, लग्नाच्या कार्यालयात गेलात, की दारं मोजायची. कुठलं बाहेर उघडतं, कुठल्याला कुलूप आहे, ते बघायचं. आई म्हणेल, ‘काय शोधतोयस रे?’ सांगा तिला.

परवा पुन्हा घंटा वाजली. तीच, कर्कश. खरं सांगते, माझी मान सवयीनं मुलांच्या चेहऱ्यांकडे वळलीच! पण मागच्या बाकावरचा तो दप्तरवाला पठ्ठ्या तोवर उठला होता. ‘मॅडम, चला,’ एवढंच म्हणाला आणि दार धरून उभा राहिला. आम्ही मागच्या जिन्यानं उतरलो. घड्याळ लावलं होतं : एक मिनिट चाळीस सेकंद.

आग नव्हतीच. रंगाऱ्याच्या शिडीचा धक्का लागून बटण दाबलं गेलं होतं. आम्ही परत वर आलो, तर पठ्ठ्याचं दप्तर उघडं! या वेळी तो ते घ्यायला फिरला नव्हता, आणि तेवढ्या वेळात खिडकीतून आलेल्या माकडांनी त्याचा डबा फस्त केला होता. पिरंगुटच्या मुलीनं आपल्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली, आणि आम्ही तास पुढे चालू केला.